आकडा आणि पेट्रोलचा वास

आखातातल्या रास अल खोरच्या आमच्या गॅरेजात इंजिनाचं ट्यूनिंग नेहमी दोघांनी करायचं. गाडी रोलरवर जागच्या जागी पळते. मी आत बसून हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचं गेज वाचायचो. माझा भागीदार मागे सायलेन्सरपाशी उभा राहून धूर बघायचा, वास घ्यायचा. गेल्या महिन्यात तो कायमचा चिपळूणला गेला. जाताना म्हणाला, "एकट्यानं ट्यूनिंग करू नकोस. सर्व्हिसिंग कर, पोटापुरतं सुटतं." पण नुसतं ऑइल बदलायला मी इथे एकटा का राहिलोय, हे पुण्यात बायकोला काय सांगणार? ट्यूनिंग मला चालू ठेवायचंच होतं.

शनिवारी सकाळी एक टर्बोवाली गाडी आली. मालक संध्याकाळी न्यायला येणार होता. यादीप्रमाणे ऑइल, पाणी, बेल्ट, पंखा तपासला. काचा वर केल्या आणि पाय दाबला.

पूर्ण जोरात एक भाग पेट्रोलला साडेअकरा-बारा भाग हवा लागते. गेज चौदावर गेलं. म्हणजे पेट्रोल कमी. असंच चालवलं तर पिस्टन वितळतो. लॅपटॉपवर पेट्रोल वाढवलं. पुन्हा चौदा. आणखी वाढवलं. साडेचौदा, आणि इंजिन अडखळलं.

पेट्रोल वाढवतोय आणि आकडा उलटा का पळतोय? पाय काढला, उतरून मागे गेलो. कच्च्या पेट्रोलच्या वासानं डोळे चुरचुरले. ठिणगीच नीट पडत नव्हती. न जळलेल्या पेट्रोलबरोबर हवाही तशीच बाहेर येत होती, आणि गेजला फक्त ती हवा कळत होती. प्लग काढून ठिणगीची गॅप कमी केली, वाढवलेलं पेट्रोल पूर्ववत केलं. पुढच्या खेपेला पावणेबारा.

लगेच भागीदाराला फोन लावला.

"अरे, गेज चौदा दाखवत होतं आणि निघालं मिसफायर!"

"एकटाच होतास?"

"मग कोण असणार?"

"शहाणाच आहेस! अजून थोडं पेट्रोल ओतलं असतंस तर सिलिंडरमधलं ऑइल धुऊन निघालं असतं, इंजिन गेलं असतं." मागून कुणीतरी त्याला हाक मारली. "पानं वाढलीत रे. ठेवतो."

संध्याकाळी मालक खुशीत गाडी घेऊन गेला. मग मी पुढच्या आठवड्याच्या गिऱ्हाइकाला फोन केला आणि दुसरा माणूस मिळेपर्यंत ट्यूनिंग बंद असल्याचं सांगितलं.

"कितने दिन, भाई?"

सर्व्हिसिंगची तारीख विचारली असती तर तिथल्या तिथे दिली असती.

"मिलते ही बताता हूँ," म्हणालो, आणि रोलरचा मेन स्विच बंद केला.