ढेपेच्या पोत्यातल्या नोटा

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकत असतील, अक्षरही वाकडे आहे. कधी कोणाच्या हाती हे पडलेच तर सांभाळून घ्यावे. तोंडाने सांगणे मला कधी जमले नाही, म्हणून लिहिते.

तेव्हा आम्ही जळगावात, गावाबाहेर कापसाच्या जिनाजवळच्या नव्या वस्तीत राहत होतो. शेजारच्या अक्का विधवा. थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला चाळीसगावी निघाल्या, तेव्हा धाकटीच्या लग्नासाठी साठवलेले पंचवीस रुपये माझ्याकडे ठेवून गेल्या.

"तू कोणाशी बोलत नाहीस, म्हणून तुझ्याकडे," म्हणाल्या.

पाच-पाचच्या पाच नोटा. मी त्या फडक्यात बांधल्या आणि म्हशीसाठी आणलेल्या सरकीच्या ढेपेच्या पोत्यात तळाशी खुपसल्या. ढेपेत कोण चोर हात घालणार? उंदरांचा विचारच मनात आला नाही.

अक्का यायला चार दिवस उरले तेव्हा पोते उपसले. तळाला भोक, आणि फडक्याची नुसती चिंधी. घरात सांगावेच लागले.

सासूबाई म्हणाल्या, "उंदीर नोटा खातस का वं? तुना माहेरना उंदीर खात व्हतीन!"

यजमान ताट अर्धे टाकून उठले. ते जास्त लागले.

नोटेचा तुकडा तरी दाखवल्याशिवाय अक्का मला चोरच समजणार होत्या. मोरीमागे भिंतीलगत ताज्या मातीचा ढीग होता, म्हणजे घूस. दुपारभर पहारीने बीळ खणले. ज्वारीची कणसे निघाली, कागद नाही. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात तेल लावलेली भाकरी ठेवली, तर चिचुंद्री अडकली. घरभर घाण वास. सासूबाई नाकाला पदर लावून बसल्या.

तिसऱ्या दिवशी पोत्याजवळच्या लेंड्या हातावर घेऊन पाहिल्या. घुशीच्या चांगल्या मोठ्या असतात. या बारीक, टोकाला निमुळत्या. मग भिंतीकडे लक्ष गेले. कोपऱ्यातून थेट आढ्यापर्यंत उंदराच्या अंगाने पडतो तसा तेलकट काळा पट्टा गेला होता. हा खणणारा नव्हता, चढणारा होता, आणि मी दोन दिवस जमिनीवरच शोधत होते.

शिडी लावली, कौले सरकवली. वाशाच्या बेचक्यात घरटे होते. कापूस, सुतळी, आणि त्यात नखाएवढे छापील कागदाचे तुकडे. आत डोळे न उघडलेली पिल्ले वळवळत होती. ती यजमानांनी बाहेर नेली. तुकडे मी सुपात गोळा केले. भोके काच आणि चुना ठासून बुजवली.

अक्का आल्या त्या सामान घरात न ठेवता सरळ आमच्या दारात. मी सूप पुढे केले. सासूबाईच म्हणाल्या, "अक्का, मी सोता शिडी धरेल व्हती."

अक्का बराच वेळ बोटाने तुकडे चाळत राहिल्या.

"उंदराने खाल्ले खरे, पोरी. पण लग्न काही उंदीर लावून देणार नाही."

"मी देईन," म्हणाले. तेवढेच जमले.

म्हशीचे दूध रतिबाला लावले. घरात चहा बिनदुधाचा झाला. महिन्याला दोन रुपये, कधी तीन. अक्का दर खेपेला माझ्यासमोर मोजून घेत आणि मी जमिनीकडे बघत उभी राहत असे. लग्नाला आठ दिवस होते तेव्हा शेवटचे दोन रुपये त्यांच्या हातावर ठेवले. पंचवीस पुरे झाले.