बारावं बटण

माझ्या मावशीने मुलांसाठी फुटबॉलची नऊ पुस्तकं लिहिली, आणि स्वतः जन्मात कधी चेंडूला पाय लावला नाही. सकाळी तिचं शिवणाचं दुकान असायचं. दुपारी जेवणं आटोपली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर सामना सुरू. एका संघाची बटणं पांढरी, दुसऱ्याची काळी, पांढऱ्यांच्या गोलात कोटाचं मोठं तपकिरी बटण, आणि चेंडू म्हणून वाटाणा. बटणं सरकवून पाहिल्याशिवाय ती एक पासही लिहायची नाही.

काका, म्हणजे तिचे यजमान, एकेकाळी पोस्टाच्या संघाचे गोलकीपर. प्रत्येक पान आधी त्यांना वाचून दाखवायचं, हा घरचा कायदा. "बाईसाहेब, हा ऑफसाइड आहे," असं ते म्हणाले की मावशीचं तोंड वाकडं व्हायचं, पण पान फाटायचं. पुस्तकावर त्यांचंही नाव हवं होतं, असं मी आजही भांडून सांगेन. ते मात्र म्हणायचे, "गोलकीपरचं नाव गोल खाल्ल्यावरच घेतात."

गेल्या दोन वर्षांत त्यांना विसर पडू लागला. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग मी कोण ते. फुटबॉल तेवढा शाबूत आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

नववं पुस्तक आलं आणि महिन्याभरात एका मुलीचं पत्र आलं. 'शेवटच्या सामन्यात तुमच्या संघात बारा जण आहेत. मी दोनदा मोजले.'

मावशीने डबा उपडा केला. पांढरं बटण एक जास्त. मग काकांचा सदरा पाहिला, तर छातीवर नुसता दोरा. ते तुटून टेबलावर पडलं होतं आणि हिने त्याला खेळाडू समजून पास दिला होता. विजयाचा गोलही त्यानेच केला होता! मला हसू आवरेना. मावशी हसली नाही.

"त्यांना कळू देऊ नकोस. पुन्हा तपासायला बसायचे नाहीत ते. मग माणूस दिवसभर करणार काय?"

आणि पत्र दडवलं कुठे, तर बटणांच्या डब्यात! आमची मावशी म्हणजे धन्यच. दुसऱ्या दुपारी डबा काकांनीच उघडला. पत्र वाचून त्यांनी बटणं टेबलावर मांडली.

"मोजले होते गं मी. बाराच होते. पण तू इतकी रंगून वाचत होतीस, म्हटलं उद्या सांगू." मग हळूच म्हणाले, "उद्या आठवलंच नाही."

त्यांनी गोलातलं तपकिरी बटण उचलून खिशात टाकलं. "गोलकीपर बदला आता."

मावशीने सरळ त्यांच्या खिशात हात घातला, बटण काढलं आणि जागेवर ठेवलं.

"मोजा. मोठ्याने."

काका बोट ठेवून मोजू लागले. सातवर अडकले. मावशीने आकडा सांगितला नाही. पुढचं बटण फक्त जरासं त्यांच्याकडे सरकवलं.

"आठ," काका म्हणाले.