प्लग खिशात

मन्मथअप्पा कुठल्याही इंजिनाला हात लावण्याआधी त्याचा प्लग काढून खिशात घालत. नुसती वायर उपसून त्यांचं समाधान होत नसे. पाना लावून प्लग बाहेर, धोतराच्या सोग्यानं पुसून सदऱ्याच्या वरच्या खिशात, आणि किल्ली कमरेच्या करदोड्याला. मग गळ्यातलं इष्टलिंग सदऱ्याच्या आत सारायचं, दोन्ही हात डोळ्यांसमोर धरून उलटसुलट बघायचे आणि म्हणायचं, "हां. धाही हायती. आता बघू, काय झालंय." चाकात हवा भरायची असली तरी एवढा सोहळा व्हायचाच. बाजारात त्यांना 'भित्रे मिस्त्री' म्हणत आणि कुणी तोंडावर तसं म्हटलं तरी ते रागवत नसत. "हाव, हाय मी भित्रा. गंजगोलाईच्या बाजारात जाऊन सगळ्या मिस्त्र्यांची बोटं मोजून या मास्तर, आन् मग मला हसा."

मी मोजायला गेलो नाही. हसलो मात्र भरपूर.

मी तेव्हा लातूरच्या एका शिक्षणसंस्थेत खेळाचा शिक्षक होतो. उस्मानाबादपासून वेगळा होऊन लातूर जिल्हा नवा नवा झाला होता आणि गावाला जिल्ह्याचं ठिकाण झाल्याची ऐट चढली होती. जिकडेतिकडे पाट्या रंगत होत्या, फिती कापल्या जात होत्या. मग आमच्या संस्थेनं तरी मागं का राहावं? गावाबाहेर मोठं मैदान आखलं गेलं आणि अध्यक्षांच्या मुंबईच्या कुणा पाहुण्यानं त्यासाठी एक जुनी, बसून चालवायची गवतकापणी गाडी भेट पाठवली. पुढं इंजिन, मागं सीट, पोटाखाली झाकणाच्या आत फिरणारी दोन पाती आणि कापलेलं गवत फेकायला बाजूला एक तोंड. सगळं गाव तिला गवतगाडी म्हणे. ती माझ्या ताब्यात आली आणि त्याच वर्षी पावसानं पाठ फिरवली. मृगात दोन सरी आल्या तेवढ्यावर कुंदा आणि कुसळाचं गवत गुडघाभर वाढलं, जागच्या जागी वाळलं, आणि खालच्या काळ्या मातीला पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडल्या.

गाडी बिघडली की शिरूर अनंतपाळहून अप्पांना निरोप जायचा. ते एसटीनं यायचे, फाट्यावर उतरायचे, "शरणार्थ मास्तर," म्हणायचे आणि गाडीभोवती लांबूनच एक चक्कर मारायचे. आयुष्य तेलाच्या घाण्यांवर आणि डाळमिलच्या इंजिनांवर गेलेलं. असली गाडी त्यांनी आधी पाहिलेली नव्हती, पण तिची तब्येत ते माणसाच्या तब्येतीसारखी विचारायचे. एकदा गाडी चालू होऊन दोन मिनिटांत गुदमरून बंद पडायला लागली. आमचा ड्रायव्हर इस्माईल कार्ब्युरेटर खोलून बसला होता. अप्पांनी हवेची जाळी काढून दगडावर आपटली, तेव्हा ओंजळभर धूळ पडली. "दम लागलाय तिला. तुम्ही पेट्रोल पाजून राहिले आन् नाक बंद करून राहिले."

दुसऱ्या खेपेला त्यांनी मला खरंच घाबरवलं. इंजिनाचं झाकण उचलून त्यांनी मला आत बघायला लावलं. सायलेन्सरभोवती वाळल्या गवताचा गच्च लगदा बसला होता आणि त्याची एक कड काळी पडली होती. अप्पांनी तो लगदा उपसून पायाखाली चुरला. मग मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उभ्या असलेल्या त्या वाळल्या कुसळाकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, गवतात इस्तू घिऊन फिरून राहिलो आपण. आन् मागं बायामाणसं हायती."

बाया होत्या, हे खरं. दुष्काळात कडबा बघायला मिळत नव्हता आणि आमचं वाळलं कुसळसुद्धा लोकांना सोन्याचं झालं होतं. गाडी कापत पुढं जायची आणि पंधरावीस बाया जुनी लुगडी पसरून मागून गवत गोळा करत यायच्या. त्यांत गंगाबाई सगळ्यांत पुढं असे. ती डाळमिलमध्ये डाळ निवडायला जायची, नवरा नव्हता, घरी आमच्या शाळेत जाणारी एक लेक आणि एक म्हैस. "ह्या म्हशीवर आमचं पोट हाय मास्तर, आन् म्हशीचं पोट तुमच्या गाडीवर," असं ती हसत हसत म्हणायची. गवत बाहेर पडायच्या तोंडात चोंदून बसलं की इस्माईल खाली उतरे, गाडी आपोआप बंद पडे, आणि गंगाबाई दुसऱ्या कुणाच्या आधी हात घालून तो बोळा ओढून घेई. हे रोजचंच झालं होतं. मी बघत होतो आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

गाडी आपोआप बंद पडे, ती सीटखालच्या एका खटक्यामुळे. माणूस बसला की खटका दबायचा, उठला की सुटायचा आणि इंजिन थांबायचं. त्या खटक्यानंच पुढं घोटाळा झाला. दुष्काळाची पाहणी करायला मंत्री हेलिकॉप्टरनं येणार आणि ते आमच्या मैदानावर उतरणार, असं ठरलं. अध्यक्षांनी मला बोलावून सांगितलं, "उद्या सकाळपर्यंत मैदान साफ पाहिजे. नाहीतर तुम्ही दुसरी नोकरी बघा." ते आवाज चढवत नसत, त्यामुळे भीती जास्त वाटायची. इकडे गाडीचं असं, की भेगाळलेल्या जमिनीवर दर दहा पावलांना हिसका बसे, काटकुळा इस्माईल सीटवरून उडे, खटका सुटे आणि गाडी ठप्प. सकाळभरात आम्ही एक कोपरासुद्धा पुरा केला नाही. मी अप्पांना बोलावून आणलं.

अप्पांनी प्लग खिशात घातला, बोटं मोजली, सीट उलटी करून खटका दाबून पाहिला. "खटका चांगला हाय."

"मग बंद का पडते?"

"मशीन बिघडलं न्हाई मास्तर. जमीन बिघडली. पहिल्या गिअरवर हळू चालवा. तीन दिवस लागतील."

"तीन दिवस नाहीत हो अप्पा! तो खटका काढून टाका. वायरी जोडून द्या."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांना विहिरीत उडी मारायला सांगितलं होतं. "न्हाई. ते माझ्या हातून व्हायचं न्हाई. त्यो खटका माझ्यावानी भित्रा हाय, म्हणून सगळे नीट हायती." मग प्लग परत बसवताना त्यांनी मला त्याच्या वायरची टोपी दाखवली. रबर फुटून तांबं उघडं पडलं होतं. "ही नवी मागवा. चालू इंजिनात हिला हात लागला, तर करंटचा हिसडा बसंल." मी हो म्हटलं. अप्पा भाकरीचं गठुडं घेऊन फाट्यावर एसटीची वाट बघायला गेले.

ते फाट्यावरच्या लिंबाखाली जाऊन बसले असतील नसतील, तोवर मी माझी अक्कल चालवली. लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू एका गोणीत भरली, गोणी सीटवर ठेवली आणि सुतळीनं आवळून बांधली. इस्माईल तिच्यावर बसला. आता तो उडो की पडो, खटका दबलेलाच राहणार होता.

"सर, अप्पा नको म्हणले," इस्माईल म्हणाला.

"अप्पा गेले. तू चालव."

गाडी जी सुटली ती सुटलीच. तासाभरात निम्मं मैदान झालं. मागून बाया पळत येत होत्या, लुगडी भरत होती, आणि मी कमरेवर हात ठेवून उभा होतो. इतका हुशार मी स्वतःला त्याआधी कधी वाटलो नव्हतो आणि त्यानंतर तर कधीच नाही.

मग तोंड चोंदलं. गवतात पडलेलं कसलंसं दोरखंड पात्याला गुंडाळलं आणि पातं अडकलं. इंजिन कण्हत होतं, पट्टा जळाल्याचा वास येत होता. इस्माईल सवयीनं खाली उतरला. गोणी सीटवरच होती. गाडी बंद पडली नाही. गंगाबाईनं वाकून बघितलं, पातं हलत नव्हतं, आणि ती रोजच्यासारखी गुडघ्यावर बसली आणि तिनं कोपरापर्यंत हात आत घातला.

मी तीस पावलांवर होतो. मला सगळं दिसत होतं. तो बोळा निघाला की पातं सुटणार, हे मला त्या क्षणी कळलं. ओरडायला तोंड उघडलं तर आवाज येईना. पोरांना शंभर मीटर पळायला शिकवणारा मी, माझे पाय मातीत रोवल्यासारखे झाले. तिचा तो हात डाळ निवडणारा, धार काढणारा. एवढंच डोक्यात येत राहिलं.

आणि फाट्याकडून कुणीतरी किंचाळत पळत आलं. "ब्याड! अक्का, ब्याड!" अप्पांची आई निलंग्याकडची, घरात कानडी बोलणारी, भीतीनं त्यांच्या तोंडून तिचीच भाषा फुटली होती. नको, अक्का, नको! धोतर सुटलेलं, एक वहाण गळालेली. ते गंगाबाईकडे गेले नाहीत. थेट इंजिनापाशी गेले आणि त्या फुटक्या टोपीला उघड्या हातानं धरून त्यांनी वायर उपसली. मला त्यांचं अंग थाडकन उडालेलं दिसलं. इंजिन मेलं, पण त्याच घटकेला बोळा निघाला आणि पातं मेल्या इंजिनाच्या शेवटच्या जोरानं अर्धा फेरा फिरलं.

गंगाबाईनं हात बाहेर काढला. मनगटातून रक्त वाहत होतं, बांगड्यांचा चुरा झाला होता. ती आपल्याच हाताकडे बघत बसली होती. अप्पा जमिनीवर बसल्या जागेवरून सरकत तिच्यापाशी गेले, तिचा पंजा आपल्या हातात घेतला आणि मोजायला लागले. एक. दोन. तीन. पाचावर ते रडायला लागले.

आवाज ऐकून अध्यक्ष आले तोवर जखम तात्पुरती बांधून झाली होती आणि अप्पांनी सीटवरची गोणी सोडली होती. सुतळी त्यांच्या हातातच होती. "हे कुणी केलं?" अध्यक्षांनी विचारलं. इस्माईलनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. नोकरी, घरभाडं, सहा महिन्यांची पोटुशी बायको, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. मी बोललो नाही. "मघाशी मिस्त्री येऊन गेला ना? त्याचाच उपद्व्याप असणार," अध्यक्ष म्हणाले. "पुन्हा याला मैदानावर पाऊल ठेवू देऊ नका."

बायांनी गंगाबाईला दवाखान्यात नेलं. अप्पांनी सुतळी घडी करून खिशात ठेवली. मी त्यांना फाट्यापर्यंत पोचवायला गेलो. लांबून एसटी दिसली तेव्हा ते म्हणाले, "मी इथं बसून ऐकत व्हतो. सकाळपासून दर घटकेला बंद पडणारी गाडी, ती बंदच पडंना. मला भ्या वाटलं." मग चढता चढता म्हणाले, "मास्तर, तुम्ही माणसाला भ्यालात. मशीनला भ्यायचं सोडून."

मंत्री आले, दहा मिनिटांत उडून गेले. मी नोकरी टिकवली. त्या मैदानावर त्यानंतर सत्तावीस वर्षं काढली आणि एक दिवसही भीतीवाचून काढला नाही. गाडी उभी राहिली की मी प्लग खिशात घालायचो. बायांना दोरी बांधून लांब उभं करायचो, कापून झाल्यावर गवत स्वतः वाटायचो. पोरं मला हसायची. अप्पांना भेटायला मात्र मी एकदाही शिरूरला गेलो नाही. बस लागलेली असायची, मी फलाटावरून परत फिरायचो. प्लगच्या टोपीचा तो हिसडा त्यांनी खाल्ला, आणि त्यांच्यासमोर उभं राहायची छाती मला होत नव्हती.

गेलो तो त्यांच्या मातीला. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे अप्पांना बसवलेलं होतं. कपाळावर भस्म, डाव्या तळहातावर इष्टलिंग, उजवा हात मांडीवर. मी गर्दीतून पुढं सरकलो आणि मला राहवेना, मी मोजली. दहाच्या दहा.

बेलाची पानं वाहणाऱ्यांत एक म्हातारी होती. पान वाहताना पदर मागं सरला आणि मनगटावरचा पांढरा वण दिसला. मी तिला बाजूला गाठलं. इतक्या वर्षांनी तो आवाज माझ्या घशातून कसा निघाला, मला माहीत नाही. म्हटलं, "गंगाबाई, ती गोणी अप्पांनी नव्हती बांधली. मी बांधली होती."

"ठाव हाय," ती म्हणाली. "अप्पा गाठ सोडून राहिले तवाच मी बघितली. चपटी गाठ. माझ्या लेकीला शाळेत तुम्हीच शिकवली व्हती ती. म्हशीचं दावं ती तसंच बांधायची."

"मग बोलला का नाहीत तुम्ही? तेव्हाच?"

"बोलणारच व्हते. अध्यक्षांच्या घरी निघालेच व्हते मी." तिनं पदरानं डोळे पुसले. "अप्पा दवाखान्यात मला बघाया आले, त्यांनी थांबवलं. म्हणले, न्हाई अक्का, मास्तर आता भ्यालेत. आता गाडी त्यांच्याकडंच ऱ्हाऊ द्या."