काडीवरचा बुचडा

यवतमाळची गाडी यायला वेळ होता, म्हणून आईनं मला घाटंजीच्या स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकावर बसवलं आणि सैल झालेली वेणी सोडून पुन्हा घालायला घेतली. लोक बघत होते. बावीस वर्षांची मुलगी, पायाशी दोन बॅगा, आणि आई मागं उभी राहून तिचे केस विंचरतेय.

"आई, राहू दे नं, लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. पुन्यापर्यंत टिकली पाह्यजे."

तिनं पेड इतके घट्ट ओढले की माझ्या भुवयाही वर गेल्या. बाबा चार पावलं दूर, रस्त्याकडं तोंड करून उभे होते. घरात केसांचा विषय निघाला की ते उठून गोठ्याकडं जायचे. स्टँडवर गोठा नव्हता, म्हणून रस्ता.

ती वेणी मी पुण्यात चार दिवस तशीच ठेवली. डोक्यावर पाणी घेतलं नाही, झोपतानाही सोडली नाही. कारण सांगायची लाज वाटायची. मला वेणी घालता येत नव्हती. कमरेखाली जाणारे केस, आणि ते आईनं वाढवलेले, आईनं धुतलेले, आईनंच बांधलेले. यवतमाळला एक्स-रे, एमआरआयच्या मशीनचा डिप्लोमा केला तोही गावाहून रोज एसटीनं ये-जा करून. सकाळी सहाला चुलीपुढं माझी पाठ आईकडं असायची. हातात पुस्तक मी धरायचे, केस ती. आपल्याला काय येत नाही हे घर सुटेपर्यंत कळतच नाही. तुमच्यातल्या ज्या बाहेर पडल्या, त्यांनाही असंच काहीतरी सापडलं असेल. कुणाला भाकरी, कुणाला बँकेचा फॉर्म.

मला नोकरी लागली ती एका एमआरआय सेंटरमध्ये. तिथलं मशीन म्हणजे एक प्रचंड लोहचुंबक. ते चोवीस तास चालू असतं. खोलीत लोखंड न्यायचं नाही, हा पहिला नियम. मी कसाबसा अंबाडा घालायचे, त्याला दहाबारा पिना टोचायचे, आणि आत जाण्याआधी त्या काढून केस रबरात कोंबायचे. दुसऱ्या आठवड्यात एक पिन काढायची राहिली. मी एका आजोबांना मशीनच्या पाटावर झोपवत होते. कानामागून काहीतरी सुटलं आणि मशीनच्या तोंडाशी टक् करून चिकटलं. आजोबांच्या चेहऱ्यापासून वीतभर लांब. त्यांना काही लागलं नाही, कळलंही नाही. मी ती पिन ओढून मुठीत लपवली.

पण सेंटरच्या सरांनी काचेतून पाहिलं होतं. त्यांनी बाहेर बोलावून शांतपणे सांगितलं, "सोमवारपर्यंत केस कापून या. नाहीतर दुसरं काम बघा."

आईला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "केस तुये हायेत, नोकरी तुयी हाये. पन कापले त फोटो धाडू नको."

होस्टेलमध्ये माझ्या शेजारच्या पलंगावर पुई राहायची. मिझोरामची, एका लॅबमध्ये कामाला. तिचे केसही लांब, पण मी तिला कधी पिन लावताना पाहिलं नव्हतं. अंबाड्यात नुसती एक बांबूची काडी. मला रडताना बघून तिनं काय झालं ते विचारलं, ऐकलं आणि ती हसली. माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलून म्हणाली, "इससे हो जायेगा."

मला वाटलं, चेष्टा करते. पण तो शनिवार आणि रविवार आम्ही दोघी त्या खोलीतल्या एका आरशापुढं बसलो. केस मानेशी गोळा करायचे. दोर वळतात तसा पीळ द्यायचा. त्या पिळाचं वेटोळं करायचं. काडी वेटोळ्याच्या कडेतून आत घालायची, टोकानं डोक्यालगतचे थोडे केस उचलायचे, मग काडी उलटी फिरवून वेटोळ्याच्या खालून पलीकडं काढायची. ती डोक्यालगतची पकड हेच सगळं मर्म. ती चुकली की दोन पावलांत सगळं पाठीवर. माझं पन्नास वेळा पाठीवर आलं. पेन्सिल मोडली. दंड भरून आले. पुईनं माझे केस हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाली, "तेल. इसलिये फिसलता है."

आईनं बरोबर दिलेली तेलाची बाटली त्या दिवशी मी खिडकीत ठेवली. नंतर ती तिथंच राहिली.

सोमवारी पुईची एक बांबूची काडी खोचून सरांपुढं मी डोकं गदागदा हलवून दाखवलं. अंबाडा हलला नाही. ते म्हणाले, "लाकूड आहे ना? मग ठीक." एवढंच. बाथरूममध्ये जाऊन मी आणखी दोनदा डोकं हलवून पाहिलं.

याला सहा वर्षं झाली. आता माझे हात न बघता बांधतात, आठ सेकंदांत. उरलेला दिवस दुसऱ्यांचे केस सोडवण्यात जातो. मावशी, पिना काढा. काकू, क्लिप काढा. आजी, मंगळसूत्र, जोडवी, सगळं. दिवसाला तेच वाक्य किती वेळा म्हणते त्याचा हिशोब नाही. खेड्यातून आलेल्या बायका चारचौघांत केस मोकळे सोडायला संकोचतात. मी त्यांच्या मागं उभी राहते, पिना शोधून काढते. संध्याकाळी होस्टेलवर आले की माझी स्वतःची काडी काढायचंही जिवावर येतं. कितीदा तशीच झोपते.

गेल्या वर्षी आई बांधावरून पडली. उजवा खांदा निखळला. बसवला, पण हात खांद्याच्या वर जाईना. मला पंधरा दिवसांनी कळलं. "तुले सांगून तू काय करनार होती?" असं तिनंच विचारलं. रजा मिळत नव्हती. व्हिडिओवर ती डोक्यावर पदर घेऊन बसायची, त्यामुळं केसांचं काय, ते दिसायचं नाही. मी मनात ठरवून टाकलं होतं, तिनं कापले. आणि ठरवून स्वतःला रोज थोडं थोडं खात होते.

चार दिवसांची रजा मिळाली तेव्हा मी तिच्यासाठी एक गुळगुळीत काडी घेतली. एका हातानं बुचडा घालता येतो का, हे आठवडाभर स्वतःवर करून बघितलं. आमच्याकडं अंबाड्याला बुचडा म्हणतात. वाकून, डोकं खाली घालून, जमतो. ते तिला शिकवणार होते.

पहाटे घरी पोचले, तोंड धुतलं, आणि अंगणात आले तर आई पाटावर बसलेली. मागं बाबा. त्यांच्या दातांत फणी, बोटांत आईच्या केसांचे तीन पेड. मला बघून ते थबकले, पण उठून गेले नाहीत. जनावरांची दावी वळलेले हात. वेणी थोडी वाकडी होती, पण चांगली घट्ट.

मी पुढं झाले. "बाबा, आना इकडं. मी करतो."

आईनं मान न वळवता सांगितलं, "राहू दे व. आत्ता कुठं त्याइचा हात बसला. तू चार दिवस करशीन अन जाशीन, त सवय मोडून जाईन."

बाबांनी फणी दातांतून काढली. "सुरुवातीले लय वढले जायेत केस," ते म्हणाले. "वरडे थे मायावर."

"अजून वढता," आई म्हणाली.

मी पायरीवर बसले. आणलेली काडी बॅगेतच राहिली. मला दोन्ही वाटलं, सुटल्यासारखंही आणि दुखल्यासारखंही. इतके महिने ज्याची काळजी करून मी वाळत होते, ते या दोघांनी मला न विचारता निभावलं होतं.

मग न्हाऊन मी माझे केस बांधले. आई बघत होती. आजवर घरी आले की वेणी तीच घालायची, काडी तिनं पाहिलीच नव्हती. "हे कोनं शिकोलं तुले?"

पुईबद्दल सांगितलं. तिचं घर किती लांब, ती दोन वर्षांत गेलेली नाही, तेही.

"तिची माय करत असन नं फोन?"

"करते."

"अन तू आंग टाकून झोपतं का कधी? डोये पाहाय तुये."

घर म्हणजे आपल्यावाचून अडलेली जागा, असं मी सहा वर्षं समजत होते. त्या समजुतीनंच अर्धी दमत होते. इथं काही अडलेलं नाही. मी आले तर एक ताट जास्त मांडतात, गेले तर स्टँडपर्यंत येतात. दुपारी जेवून मी आतल्या खोलीत आडवी झाले. बाहेर आई कुणाला तरी सांगत होती, "हळू बोल, पोरगी झोपली." उठले तेव्हा अंगणात दिवा लागला होता, आणि माझ्या अंगावर कुणीतरी गोधडी टाकली होती.