आबा, हरणी आणि माझ्या ओढण्या

आमच्या घरात हरणीला खरचटलं की बळी माझ्या ओढणीचा जायचा. माझे सासरे, म्हणजे आबा, यांना कुत्रीच्या पायावर ओरखडा दिसला रे दिसला की ते तडक माझ्या कपाटाकडे निघत. जुनी सुती ओढणी मी त्यासाठी मुद्दाम वेगळी काढून ठेवली होती, त्यांना दाखवूनही दिली होती. पण "ती लई खरखरीत हाय, हरणीला टोचती," म्हणून त्यांनी माझी दिवाळीची मोरपंखी ओढणी उभी फाडली. मी ओरडले, तर म्हणाले, "आता फाडल्यावर कशाला वरडती, सूनबाई? अगोदर वरडायचं."

हरणी ही आबांची कारवान जातीची कुत्री. लांबलचक पाय, पोट पाठीला चिकटलेलं आणि कातडी इतकी पातळ की बाभळीचा काटा नुसता चाटून गेला तरी चीर पडायची. आबांच्या तरुणपणी असली कुत्री सशांमागे सोडत. आता शिकारीला कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे चिकलठाण्याच्या पुढे आमच्या मक्यात शिरणारी रानडुकरं हुसकून लावणं एवढंच तिच्याकडे काम उरलं होतं. राहायला मात्र ती शहरात, पुंडलिकनगरातल्या आमच्या जिन्याखाली. सकाळी दुधाच्या रिकाम्या गाडीतून दोघं शेतावर जात. दुपारी परतत तेव्हा हरणीच्या अंगावर एखादा तरी नवा ओरखडा असे, आणि आबांच्या चेहऱ्यावर लढाई मारून आल्याचं समाधान.

मग अंगणात दवाखाना उघडायचा. मी पेशानं नर्स. माणसांच्या जखमा धुण्यातच माझा दिवस जातो. "आबा, आधी जखमेभोवतीचे केस कापा, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं धुवा, मग औषध लावा," हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. आबा सरळ माझ्या हळदीच्या डब्यात हात घालत आणि माती, केस, काय असेल त्यावर मूठभर हळद थापत. नंतर त्या डब्यात कुत्रीचे केस निघत. त्याच हळदीची आमटी मी करावी, अशी वर अपेक्षा! "हळदीनं कुणी मेलंय व्हय?" हा त्यांचा शेवटचा शब्द. सूनबाई माणसांची नर्स आहे, कुत्र्यातलं तिला काय कळतंय, असं ते शेजारीपाजारी सांगून आले होते.

हळद हरणी चाटून टाकायची, ते एक बरं होतं. खरा ताप होता पट्टीचा. गावाकडे लग्न असलं की वऱ्हाडाला फेटे बांधायला आबांनाच बोलावणं यायचं. नवरदेवाचे मित्र वरातीत कितीही नाचले तरी आबांनी बांधलेला फेटा सुटत नाही, अशी त्यांची ख्याती होती. तोच पीळ आणि तोच ताण ते हरणीच्या पायाला द्यायचे. पट्टीखाली बोट शिरेल एवढी तरी जागा ठेवा, म्हटलं तर उत्तर मिळे, "मग बोटच बांधून घे की. ढिली पट्टी म्हणजे बांधणाऱ्याची बेइज्जती."

एकदा मी चार दिवस बजाजनगरला बहिणीकडे गेले होते. परत येऊन बघते तर हरणी तीन पायांवर उभी. जखम कसली, तर कुंपणाच्या तारेचा ओरखडा. पण आबांनी जी पट्टी आवळली होती, ती मी गेल्यापासून सोडलीच नव्हती. पंजा सुजून वांग्याएवढा झाला होता. पट्टी कापली तर आतून वास आला. मी आबांना नको नको ते बोलले आणि तशीच रिक्षा बोलावली. जनावरांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणखी उशीर केला असता तर पाय काढावा लागला असता. आबा हरणीचं डोकं छातीशी धरून उभे होते.

संध्याकाळी माझ्या नवऱ्यानं निकाल दिला. "आबा, हरणीला गंगापूरला आत्याकडं पाठवू. तुमच्याच्यानं आता होत नाही."

आबा भिंतीकडे बघत म्हणाले, "न्या. चुकी माझीच हाय."

जन्मभर शब्दाला शब्द देणारा माणूस असा मुकाट मान खाली घालतो, याचा मला भयंकर राग आला. मी नवऱ्याला म्हटलं, "हरणी कुठंही जाणार नाही. इथून पुढं पट्टी मी बांधेन आणि आबा हात लावणार नाहीत. आहे कबूल?"

आबांनी अट पाळली. तोंडाचं मात्र अट घालताना माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी कात्री घेतली की खुर्चीतून आवाज यायचा, "न्हावी झाली बघा." पाणी ओतलं की, "आंघोळ घालती का काय तिला?" पट्टी बांधून झाली की, "लई ढिली. उद्या वावरात सापडंल." आणि ती खरोखर वावरात सुटून पडायची. मग काठीच्या टोकाला अडकवून, सगळ्या गल्लीला दाखवत आबा ती घरी आणायचे. जखमा भरत होत्या, याबद्दल चकार शब्द नाही.

यंदाच्या थंडीत आबांच्या छातीत दुखायला लागलं आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथे एका दुपारी मी डबा घेऊन दाराशी पोचले, तर ते माझ्या नवऱ्याशी थांबत थांबत बोलत होते. "हरणीला आत्याकडं धाडू नको. सूनबाईपाशीच राहू दे. लई वसकती ती, पण हात हलका हाय तिचा. हरणी तिच्याम्होरं हालत नाय."

मी आत गेले. मला बघताच म्हणाले, "आज तरी भाजीत मीठ घातलंस का?"

त्याच आठवड्यात आबा गेले. हरणी माझ्याकडेच आहे. अजून डुकरांमागे धावते, अजून ओरखडे घेऊन येते, आणि मी तिच्यापुढे बसून केस कापते, जखम धुते, पट्टी बांधते. माझा हात हलका आहे, एवढं एक वाक्य मला तोंडावर सांगायला आबांचं काय जात होतं? मी काही डोक्यावर चढून बसले नसते. इतकी वर्षं त्या अंगणात आम्ही समोरासमोर बसलो, नाही नाही ते बोललो, तेवढंच नेमकं राहिलं. यावरून मला आबांशी कडाकडा भांडायचं आहे, आणि भांडायला आबा नाहीत.