गंगाकाठची तुर्की

नाशिकहून सकाळची गाडी पकडली तेव्हा माझ्या पिशवीत एक साडी, पोळीभाजीचा डबा आणि सहा-सात परदेशी भाषांतलं "कसे आहात?" एवढंच सामान होतं. सहा-सात भाषा म्हटलं की लोकांचे डोळे मोठे होतात, म्हणून आधीच सांगते, त्यांतली एकही मला धड येत नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर माझ्या मैत्रिणी भजनी मंडळात गेल्या. मला गळा नाही, म्हणून मी जर्मन शिकायला लागले. मग फ्रेंच, स्पॅनिश, फारसी असं करत गाडी तुर्कीपर्यंत पोचली. भाचे विचारायचे, मावशी, तू नक्की जाणार कुठं आहेस? कुठंच नाही, मी म्हणायचे. हौसेला मोल नसतं.

या हौसेत मला एकच खरा सोबती मिळाला. जालना जिल्ह्यातल्या शहागडचे गंगाधरराव. अंकुशनगरला साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले, थोडी शेती असलेले गृहस्थ. भाषा शिकणाऱ्यांच्या एका फोनवरच्या गटात ओळख झाली आणि दर रविवारी आमचा फोन सुरू झाला. एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. नियम असा की फोनवर मराठी काढायची नाही, आणि आज काय जेवलो ते आधी सांगायचं. त्यामुळं आमच्या फजितीला अंत नव्हता. ठेचा कुठल्याच भाषेत बसेना. फ्रेंच वाक्यातसुद्धा भाकरी भाकरीच राहिली. माझ्या स्पॅनिशमध्ये मधूनच जर्मन क्रियापदं घुसायची आणि गंगाधरराव पोट धरून हसायचे. तुर्की मात्र त्यांना मनापासून लागली. दुनिया, किताब, हवा, साबण असे बाजारात रोज कानावर पडणारे शब्द तिथं भेटले, तेव्हा त्यांना सोयरे भेटल्यासारखा आनंद झाला होता. थोड्याच दिवसांत ते माझ्या कितीतरी पुढं गेले, आणि मला त्यांचा हेवा वाटायचा.

दिवाळीनंतर एका रविवारी फोन आला तो त्यांच्या मुलीचा, रेखाचा. बाबांच्या मेंदूत गुठळी झाली होती. जीव वाचला, पण मराठी गेली. आपण बोललेलं त्यांना समजत नाही, आणि ते बोलतात ते घरात कुणाला कळत नाही. डॉक्टर म्हणाले, क्वचित असं होतं, आईची भाषा पुसली जाते आणि मागाहून शिकलेली एखादी उरते. कुठली उरली ते डॉक्टरांना कसं कळणार? फोन कानाला लावला की ते ढकलून देत होते. तुम्ही येऊन ऐकाल का, रेखानं विचारलं. आई सारखी म्हणते, ते काहीतरी मागतायत आणि मला देता येत नाही.

जालन्याला उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. स्टेशनाबाहेर मोसंबीचे ढीग लागले होते. रेखा जालन्यातच, मस्तगड भागात राहते. घरी मूल तापानं फणफणलेलं, म्हणून तिनं शेजारच्या रिक्षावाल्या सलीमभाईंना मला बसस्टँडवर सोडायला पाठवलं होतं. रिक्षा चालवता चालवता ते घरी उर्दूत फोनवर बोलले, मग माझ्याशी मराठीत. गंगाधररावांनी उर्दू त्यांच्याकडूनच उचलली होती. लेकीकडं आले की रिक्षात बसून गप्पा मारायचे म्हणे.

"बिलकुल साफ बोलायचे ताई," सलीमभाई म्हणाले. "परवा मी भेटाया गेल्तो. सलाम केला, तर नुस्ते बघत राह्यले. उर्दूबी गेली."

म्हणजे उरलेल्या भाषांतून एक कमी झाली. मी ते मनात धरून अंबडच्या बसमध्ये चढले.

बसमध्ये मी उजळणी सुरू केली. गंगाधररावांशी कुठल्या भाषेत काय बोलायचं ते ओठांतल्या ओठांत घोळवत होते. शेजारच्या म्हातारीनं बराच वेळ ऐकलं आणि हळूच विचारलं, कोणत्या देवाचं म्हणून राह्यल्या? जर्मन, असं सांगायचं माझ्या जिवावर आलं. सगळ्याच देवांचं, मी म्हणाले. तिनं हात जोडले आणि मला एक पेरू दिला. अंबडला मत्स्योदरी देवीची टेकडी दिसली तेव्हा तिनं मला खिडकीशी बसू दिलं, आणि मीही तिच्याबरोबर हात जोडले. मागायचं काय ते मला ठाऊक होतं. त्यांची जी कुठली भाषा उरली असेल ती मला येणारी असू दे.

अंबडहून शहागडला थेट बस लगेच मिळेना, म्हणून काळीपिवळीत (माणशी भाडं घेणारी जीप) बसले. रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर पुढं डुलत होते. त्यांना ओलांडताना आमचा ड्रायव्हर दर वेळी पुढचा आरसा बघून केस सारखे करायचा, त्यानं माझा जीव टांगणीला लागला. मग हायवे आला, ट्रकांची रांग आली, धाबे आले, आणि पुलाखाली गोदावरी दिसली. इथले लोक तिला गंगाच म्हणतात. पाणी संथ होतं आणि काठावर मेंढ्या बसल्या होत्या.

घर गावाच्या कडेला. दारात कौसाबाई उभ्या होत्या, गंगाधररावांच्या पत्नी. फोनवर मागून येणारा त्यांचा आवाज मी ओळखत होते. आमचं बोलणं रंगलं की त्या भांडी जरा जोरात आपटायच्या. मला वाटायचं, त्यांना माझा राग असणार. आपला नवरा कुणा बाईशी तासन् तास बोलतो आणि त्यातलं अक्षर कळत नाही, हे कुणाला रुचेल? पण त्यांनी माझे हात धरले आणि सरळ आत नेलं. पाणीसुद्धा नंतर दिलं.

गंगाधरराव खिडकीशी बाजेवर बसले होते. आवाजावरून मी धिप्पाड माणूस कल्पिला होता. हे किरकोळ बांध्याचे, पांढऱ्या दाढीचे, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. मी जर्मनमध्ये बोलले. ते बघत राहिले. फ्रेंच, स्पॅनिश, मग फारसी. काही नाही. तेवढ्यात त्यांनीच मान वर केली.

"होश गेल्दिनिझ," ते म्हणाले. (तुर्कीत: या, तुमचं स्वागत आहे.)

आवाज तोच होता. मला रडू फुटलं आणि त्याच सुरात मी उत्तर दिलं. मग ते बोलत सुटले. हावा चोक ग्युझेल. (हवा फार छान आहे.) आन्नेम बाह्चेदे. (माझी आई बागेत आहे.) माझा आनंद फार टिकला नाही. ही सगळी आमच्या पहिल्या धड्यांतली वाक्यं होती. अधूनमधून एखादं वाक्य खरंच मला उद्देशून आहे असं वाटायचं, की पुन्हा आई बागेत. कौसावहिनी प्रत्येक वाक्याला माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"काय मागून राह्यले ते?" त्यांनी विचारलं.

काही मागत नाहीत, हवा छान आहे म्हणतात, मी सांगितलं. त्यांच्या आईची आठवण काढतात. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. सासूबाई जाऊन किती वर्षं झाली, पण मळ्यात भाजीचे वाफे त्याच करायच्या, त्या म्हणाल्या. मी त्यांना धडे वगैरे काही सांगितलं नाही.

जेवायला भाकरी आणि येसरची आमटी (भाजलेल्या धान्यांच्या मसालेदार पिठाची) होती. इतकी वर्षं जिचं वर्णन वेगवेगळ्या भाषांत ऐकलं ती आमटी समोर आली आणि मी भाकरी नुसतीच कुस्करत राहिले. वहिनी त्यांना भरवत होत्या. घास कधी द्यायचा, पाणी कधी, सगळं न बोलता चाललं होतं. मी म्हणाले, पाणी, भूक, दुखतंय का, असे थोडे तुर्की शब्द तुम्हाला शिकवून जाते.

"पाणी-बिणी मला वळखू येतं," वहिनी म्हणाल्या. "तेला बोली कशाला? मला येवढंच शिकवा, की मी हितंच हाय."

दुपारभर आम्ही दोघी ओट्यावर बसून तेवढा एक शब्द घोकला. बुरादायिम. (मी इथं आहे.) त्यांची जीभ अडखळायची, मग त्या स्वतःवरच चिडायच्या. म्हणायच्या, पूर्वी हे घोकायचे तेव्हा मीच म्हणायची, म्हातारपणी काय खूळ लागलंय. आता बघा. ऊन उतरायला लागलं तेव्हा त्या उठल्या, तोंड धुतलं, कुंकू सारखं केलं आणि बाजेजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"बुरादायिम," त्या म्हणाल्या.

गंगाधररावांनी एकदम त्यांच्याकडं तोंड वळवलं. आजारपणानंतर पहिल्यांदाच, असं वहिनी मागाहून म्हणाल्या. ते त्यांना नीट न्याहाळत राहिले. मग अगदी अदबीनं, परक्या बाईशी बोलावं तसं त्यांनी विचारलं,

"सिझ किमसिनिझ?"

तुम्ही कोण आहात?

हेही धड्यातलं वाक्य होतं, दारात आलेल्या पाहुण्याला विचारायचं. ते खरंच विचारत होते की नुसतं पाठ म्हणत होते, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. वहिनी वळल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. बोलले, मला बोलले, काय म्हणाले सांगा, त्या म्हणाल्या.

खोलीत त्या दोघांची भाषा कळणारी मी एकटी होते. इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

"ते विचारतात," मी म्हणाले, "तुम्ही कशा आहात?"

वहिनी बाजेच्या कडेला टेकल्या. "मला इचारलं?"

"हो."

"लगीन झाल्यापून कवा इचारलं न्हाई," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी गंगाधररावांचा निकामी हात आपल्या मांडीवर घेतला आणि मराठीत सगळं सांगायला सुरुवात केली. गुडघे कसे दुखतात ते, गाय आटली ते, दवाखान्यात त्यांना नेलं तेव्हा वाटेत काय वाटलं ते. गंगाधरराव शांतपणे ऐकत होते, किंवा नुसते बघत होते. मी चपला घातल्या. वहिनी उठायला लागल्या, त्यांना मी हातानंच बसा म्हटलं. काळीपिवळीत मागच्या बाकावर बसून मी अंबडपर्यंत रडले. ड्रायव्हरनं गाण्याचा आवाज कमी केला, त्याचे उपकार.

नाशिकला येऊन काही आठवडे झाले. पुस्तकं कपाटात आहेत, उघडावीशी वाटत नाहीत. जितक्या भाषा तितकी माणसं जोडली जातील, असं मी लोकांना मोठ्या तोऱ्यात सांगायची. एका माणसाशी जोडली गेले होते. आता रविवारी काय जेवले ते मी कुणालाच सांगत नाही.

गेल्या रविवारी मात्र फोन वाजला. कौसावहिनी होत्या. म्हणाल्या, मी जवळ गेले की रोज तेवढंच विचारतात. दुसऱ्या कुणाला विचारत नाहीत. मी मराठीत सांगते, ते त्यांना कळत नाही, आणि मग परत विचारतात.

"मी बरी हाय, आसं तेन्च्या बोलीत कसं म्हनायचं, बाई?"

खरं सांगायचं असतं तर ती शेवटची वेळ होती. मी सांगितलं, इयीयिम. त्यांनी दोन-तीनदा म्हणून पाहिलं. फोन तसाच हातात ठेवून त्या खोलीत गेल्या असाव्यात, कारण लांबून मला गंगाधररावांचा आवाज आला.

"सिझ किमसिनिझ?"

"इयीयिम," वहिनी म्हणाल्या.

उच्चार अगदी बरोबर होता.