पडलेल्या देवदूताचं पहिलं प्रकरण

आमच्या नागरवाड्यातल्या वाचनमंडळात लेखकाचं नाव न सांगता लिखाण वाचतात. लेखक आमच्यातच बसलेला असतो. सगळ्यांचं बोलून झालं की त्याने हात वर करायचा.

आज एका कुमार कादंबरीचं पहिलं प्रकरण वाचलं गेलं. स्वर्गातून पडलेला देवदूत बडोद्याच्या वेशीवर, बाजव्याला, रिफायनरीच्या कायम पेटत्या ज्योतीजवळ सापडतो. पंख जळालेले, स्वतःचं नाव आठवत नाही.

"देवदूताला अख्ख्या बडोद्यात दुसरी जागा नाही मिळाली?" साठ्येकाका म्हणाले. सगळे हसले.

मग मी बोलले. मी कॉलेजात साहित्य शिकवते, त्यामुळे माझं सगळे ऐकतात. "बाळबोध आहे. पंखांबरोबर हे कागदही जळाले असते तर बरं झालं असतं."

सर्वांत मोठ्याने माझी सतरा वर्षांची गार्गी हसली.

शेवटी हात कोणीच वर केला नाही.

परतताना, मांडवीच्या गर्दीत, स्कूटरवर मागून तिने विचारलं, "मम्मी, त्याला वरून ढकललं कोणी, हे तुला जाणून घ्यावंसं नाही वाटलं?"

वाचलेल्या प्रकरणात कोणी ढकलल्याचा उल्लेख नव्हता. तो पडला, एवढंच होतं.

घरी पोचल्यावर मी विचारलं, "कोणी ढकललं गं त्याला?"

"जाऊ दे ने," ती म्हणाली. "बाळबोध आहे."

आणि तिने खोलीचं दार लावलं.

तुमच्यापैकी कोणी आपल्या मुलांना असं काही बोललं आहे का? नंतर त्यांनी तुम्हाला कधी काही वाचायला दिलं?